गोठलेल्या जमिनीचं खातं कुणाच्या नावावर?

मागच्या आषाढात लावणी चालू होती. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा बांधावर उभा राहून मला म्हणाला, "काका, आपल्या भातशेतीमुळे पृथ्वी तापते म्हणतात. खरं काय?" मोबाइलवर त्याने काहीतरी बघितलं होतं. चिखलात वाकलेल्या त्याच्या आजीने ते ऐकलं, कंबर सरळ केली, आमच्याकडे बघितलं आणि परत वाकून लावायला लागली. मी त्याला म्हटलं, "खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगायला वेळ लागेल."

तो वेळ आज काढलाय. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

मी तीस वर्षं सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. विकास सोसायट्या, पतपेढ्या, एकदोन दूध संस्था. हवामानशास्त्र मी शिकलेलो नाही. पण हवामान बदलाचं जे जागतिक राजकारण आहे ते मुळात जमाखर्चाचं राजकारण आहे, आणि जमाखर्च मला कळतो. चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम कुणीही शोधून काढतो. कुठल्याच खात्यावर न टाकलेली रक्कम शोधणं हे खरं ऑडिट. रिटायर झाल्यावर या विषयावरचे अहवाल वाचायची सवय लागली आणि त्यात अशी एक नोंद सापडली, जी कुठल्याच देशाच्या किर्दीत धडपणे येत नाही. ही नोंद आहे उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीची. इंग्रजीत तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

सुरुवात एका विहिरीपासून करतो.

सायबेरियात याकुत्स्क नावाचं शहर आहे. तिथे १८२८ साली फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या आवारात विहीर खणायला घेतली. हा माणूस रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी. हेतू साधा होता, पाणी पाहिजे. माणसं खणत गेली आणि माती गोठलेलीच लागत गेली. तीसेक मीटर झाले तरी पाण्याचा पत्ता नाही. शेर्गिन काम बंद करणार होता. पण तिथून जाणारे दर्यावर्दी फर्डिनंड व्रांगेल यांनी त्याला सांगितलं, पाण्यासाठी नाही तर विज्ञानासाठी खण. गडी खणत राहिला. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली. आपल्याकडच्या साध्या विहिरी दहापंधरा मीटरच्या, त्यावरून अंदाज करा. एवढ्या खाली जाऊनही माती गोठलेलीच.

युरोपातल्या काही नावाजलेल्या भूशास्त्रज्ञांचा यावर विश्वासच बसेना. वर झाडं वाढतात आणि खाली शंभर मीटर बर्फ, हे कसं शक्य आहे? मग १८४४ साली अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ तिथे पोचले. त्यांनी त्या विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. तळाशीही ते शून्याच्या साधारण तीन अंश खाली होतं. पाणी कधी लागलं नाही, पण जगाला एक नवी जमीन कळली.

१९२७ साली मिखाईल सुमगिन यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. रशियन भाषेत या जमिनीला 'चिरंतन गोठण' अशा अर्थाचं नाव रुळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अलास्कात रस्ते आणि विमानतळ बांधायचे होते आणि बांधलेलं सगळं खचत होतं. तेव्हा सिमन मुलर या भूशास्त्रज्ञाने रशियन ग्रंथ वाचून १९४३ मध्ये लष्करासाठी अहवाल तयार केला. 'पर्माफ्रॉस्ट' हा शब्द त्यांचाच. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन, ही आजची व्याख्या.

म्हणजे बघा, शंभर वर्षं या जमिनीकडे बघणारे सगळे बांधकामवाले होते. इमारत खचेल का, रूळ वाकतील का, एवढाच प्रश्न. याकुत्स्कमधल्या इमारती आजही जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या आहेत, घरातल्या ऊबेने खालची माती वितळू नये म्हणून. नावातच 'कायम' असलेल्या गोष्टीचा हिशेब कोण ठेवणार? कायम ठेवीचा मुद्दल कधी मोडणारच नाही असं धरून चालावं, तसं हे झालं.

आता त्या ठेवीत काय आहे ते सांगतो.

हजारो वर्षं तिथे गवत उगवलं, मेलं, गोठलं. झाडं, मुळं, मॅमथची हाडं, सगळं गोठलं. आपल्याकडे पाला पडला की पावसाळ्यात कुजून जातो. तिथे कुजायला सवडच मिळाली नाही. फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाजीसारखं ते तसंच राहिलं. उत्तरेकडच्या या जमिनीत मिळून सुमारे १४६० ते १६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, असा आयपीसीसीचा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा २०१९ चा अहवाल सांगतो. आज सगळ्या हवेत मिळून जितका कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट.

फ्रीज बंद पडला की काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. माती वितळली की जंतू कामाला लागतात. जागा कोरडी असेल तर कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी साचलं असेल, हवा पोचत नसेल, तर मिथेन सुटतो. आणि गंमत म्हणजे हे दुसरं जे आहे, तेच आमच्या भातखाचरातही घडतं. साचलेलं पाणी, खाली कुजणारा पालापाचोळा, हवेचा अभाव, आणि तसलेच जंतू. निसर्गाच्या दृष्टीने कोकणातला चिखल आणि सायबेरियातलं वितळलेलं तळं यांतून निघणारा मिथेन एकच. हिशेबाच्या दृष्टीने मात्र नाही.

आता आपल्या चिखलाचा हिशेब कसा सुरू झाला ते बघू.

१९९० साली वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेने जगातल्या देशांची यादी काढली, तापमानवाढीला कोण किती जबाबदार याची. पहिल्या पाचांत भारत होता. का, तर आपली भातशेती आणि आपली गुरं. त्यावर १९९१ मध्ये दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका लिहून जोरदार उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा, की पोट भरायला लावलेल्या भाताचा मिथेन आणि चैनीसाठी पळवलेल्या गाडीचा धूर एकाच तागडीत तोलू नका.

त्याच काळात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज असा होता, की भारताच्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन सुटतो. हा आकडा परदेशातल्या शेतांतल्या मोजमापांवरून ताणून काढलेला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये मोहीमच काढली. देशभरच्या भातखाचरांत पेट्या ठेवून प्रत्यक्ष वायू मोजला. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन, म्हणजे अंदाजाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढं. आपल्या शास्त्रज्ञांनी शेतात उतरून मोजलं नसतं, तर तो फुगवलेला आकडा आपल्या नावावर किती वर्षं राहिला असता कोण जाणे.

आणि मोजल्यावर भारताने तो आकडा लपवलाही नाही. २००४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना पहिला अधिकृत अहवाल दिला. त्यात १९९४ सालासाठी भातशेतीचा मिथेन सुमारे ४१ लाख टन, अशी स्वच्छ नोंद आहे. शेजारच्या आजीच्या खाचराचा हिस्सा त्यात आला. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण हिशेबात ती आहे.

मग १९९२ साल आलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे साल वेगळ्या कारणासाठी आठवतं, म्हणून आधी तेच सांगतो. त्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी नवे नियम काढले. तोपर्यंत कर्ज वसूल होत नसलं तरी त्यावरचं येणे व्याज उत्पन्नात धरून नफा दाखवायची चाल होती. नव्या नियमाने सांगितलं, जे येत नाही ते उत्पन्न नाही. जे बुडू शकतं त्याची आधी तरतूद करा. परिणाम असा, की कालपर्यंत नफ्यातल्या वाटणाऱ्या कित्येक बँका एकदम तोट्यात दिसायला लागल्या. बँका त्या वर्षी बिघडल्या नव्हत्या. त्या आधीच बिघडलेल्या होत्या, फक्त आरसा त्या वर्षी लावला.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १९९२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदल करार मंजूर झाला आणि जूनमध्ये रिओच्या परिषदेत देशांनी त्यावर सह्या सुरू केल्या. त्यात प्रत्येक देशाने काय मोजायचं ते लिहिलंय: 'मानवनिर्मित' उत्सर्जन आणि मानवनिर्मित शोषण. मानवनिर्मित हा एक शब्द. तो घालण्यामागे वाईट हेतू नव्हता. ज्वालामुखीचा धूर इंडोनेशियाच्या माथी मारू नये, एवढाच अर्थ. पण रेघ तिथे ओढली गेली. आत ते देशाचं, बाहेर ते देवाचं.

पुढे प्रश्न आला, की जंगल आणि माती यांच्या बाबतीत मानवनिर्मित ओळखायचं कसं? जंगलात कुठलं झाड माणसामुळे वाढलं आणि कुठलं आपोआप, हे कोण सांगणार? आयपीसीसीने २००३ च्या मार्गदर्शिकेत आणि मग २००६ च्या नियमावलीत व्यवहारी तोडगा काढला. जी जमीन माणूस वापरतो किंवा सांभाळतो, ती 'व्यवस्थापित'. तिथलं सगळं मानवनिर्मित धरा. बाकीची 'अव्यवस्थापित', ती देशाच्या बेरजेत धरू नका. कुठली जमीन कशात, हे ज्या त्या देशाने ठरवावं.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर कुठलं कर्ज थकीत आहे हे कर्जदारानेच ठरवावं.

आमचं भातखाचर व्यवस्थापित, यात वादच नाही. बांध आम्ही घातले, पाणी आम्ही अडवलं. पण टुंड्राचा प्रचंड मुलूख, जिथे रस्ता नाही, वस्ती तुरळक, तो बव्हंशी अव्यवस्थापित. तिथे जमीन वितळून वायू सुटला तर तो रशियाच्या बेरजेत नाही, कॅनडाच्या नाही, कुणाच्याच नाही.

बरं, या जमिनीवरच्या जंगलाचं काय? इथे खरी कथा आहे.

२००१ च्या मार्चमध्ये अमेरिकेने क्योटो करारातून अंग काढून घेतलं. करार अमलात यायला आता रशियाची सही अत्यावश्यक झाली. रशियाने भाव वाढवला. त्याच्या जंगलांनी हवेतून शोषलेल्या कार्बनपैकी वर्षाला १ कोटी ७६ लाख टन त्याच्या जमेला धरायचे असं आधी ठरलं होतं. नोव्हेंबरमध्ये मोरोक्कोत माराकेशच्या बैठकीत ती मर्यादा वाढवून ३ कोटी ३० लाख टन करून देण्यात आली. २००४ मध्ये रशियाने मान्यता दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ ला करार लागू झाला.

रशियाची साठ टक्क्यांहून जास्त जमीन पर्माफ्रॉस्टची. त्याच्या जंगलाचा मोठा भाग याच गोठलेल्या जमिनीवर उभा आहे. म्हणजे देशाच्या वहीत झाडांनी घेतलेलं जमेला, आणि ती झाडं ज्या पट्ट्यात उभी आहेत तिथल्या मोकळ्या मुलखात जमीन जे सोडते त्याचं पानच नाही. २०२१ मध्ये रशियाने २०५० पर्यंतचं धोरण जाहीर केलं. त्यात जंगल आणि जमिनीचं शोषण वर्षाला ५३ कोटी ५० लाख टनांवरून १२० कोटी टन कार्बन डायऑक्साइडवर नेण्याचं गृहीत आहे. जमेची बाजू दुप्पट होणार आहे, कागदावर तरी.

एकट्या रशियाला बोल लावायचा नाही. कॅनडातलं साधारण दोन तृतीयांश जंगलच व्यवस्थापित म्हणून मोजलं जातं, आणि त्यातले वणवेही 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून मुख्य बेरजेबाहेर ठेवले जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या वणव्यांतून सुमारे ६४ कोटी टन कार्बन हवेत गेला. चीन, अमेरिका आणि भारत हे तीन देश सोडले, तर इंधन जाळून कुठलाही देश वर्षात एवढा कार्बन सोडत नाही. कॅनडाच्या देशी बेरजेत तो दिसणार नाही. वणव्याने वरचं शेवाळ आणि पाला जळतो, म्हणजे गोठलेल्या जमिनीवरचं पांघरूण जातं आणि खालची वितळण वाढते. तेही दिसणार नाही.

आता शास्त्रज्ञ काय करत होते? तेही सांगितलं पाहिजे, कारण दोष सगळा राजकारण्यांचा नाही.

ईशान्य सायबेरियात चेर्स्की नावाच्या गावी सर्गेई झिमोव्ह नावाचे शास्त्रज्ञ अनेक वर्षं संशोधन केंद्र चालवत होते. ते सांगत होते की या मातीत प्रचंड कार्बन आहे आणि तो बाहेर येतोय. २००६ मध्ये त्यांचा आणि दोन अमेरिकन सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स' नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष गेलं. पण २००७ च्या आयपीसीसी अहवालातल्या भविष्याच्या अंदाजांत हा कार्बन धरलेला नव्हता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये दोहाच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने स्वतंत्र अहवाल काढून सांगितलं, की अंदाजांत हे धरलेलं नाही आणि आयपीसीसीने याचा खास आढावा घ्यावा. २०१३ च्या अहवालात आकडा आला, ५० ते २५० अब्ज टन कार्बन या शतकात, तोही सर्वांत वाईट परिस्थितीत आणि 'खात्री कमी' असा शेरा मारून. पण ज्या संगणकी प्रतिमानांवर मुख्य अंदाज उभे होते, त्यांत तो नव्हताच. २०१८ च्या दीड अंशाच्या अहवालाने म्हटलं, की पर्माफ्रॉस्ट आणि दलदलींमुळे शिल्लक कार्बनमधून या शतकात १०० अब्ज टनांपर्यंत कमी होऊ शकतात. पण हे शिल्लक आकड्यातून वजा केलेलं नव्हतं, बाजूला लिहिलेलं होतं.

ऑडिटमध्ये याला नाव आहे. संभाव्य देणी. ताळेबंदाच्या खाली बारीक अक्षरात लिहितात. कोर्टात दावा चालू आहे, हरलो तर इतके द्यावे लागतील. कुणी वाचत नाही. मी एका सोसायटीत अशी तळटीप बघितली होती, रक्कम भागभांडवलाच्या दीडपट. सचिवांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, ते व्हायचंय अजून." पुढच्या वर्षी झालं. सभासदांना लाभांश तर नाहीच, ठेवी परत मिळायला चार वर्षं लागली.

२०२१ च्या आयपीसीसी अहवालात शेवटी तळटीप वर सरकली. पृथ्वीचं तापमान एक अंशाने वाढलं तर २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून सुमारे १८ अब्ज टन कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुटेल, असा मधला अंदाज दिला. पल्ला ३ ते ४१ असा लांबरुंद. मिथेन वेगळा. शिल्लक कार्बनचा आकडा काढताना हे धरलं. तरी तेव्हाच्या अकरा मोठ्या प्रतिमानांपैकी फक्त दोनांत पर्माफ्रॉस्टचा कार्बन होता.

१८ अब्ज टन कार्बन म्हणजे ६६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. भारत कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला साधारण ३ अब्ज टन सोडतो. म्हणजे दर एका अंशामागे सुटणारं हे उत्सर्जन भारताच्या आजच्या बावीस वर्षांच्या धुराएवढं. हा मधला आकडा, वरचा नाही.

दुसऱ्या बाजूचंही बोलतो. मोबाइलवर 'मिथेनचा बॉम्ब फुटणार' असे व्हिडिओ फिरतात. तसं आयपीसीसी म्हणत नाही. हे एका दिवशी फुटणारं प्रकरण नाही, वर्षानुवर्षं पाझरणारं आहे. आणि जग आज वर्षाला साधारण ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड स्वतः सोडतंय, त्यापुढे वितळणाऱ्या जमिनीचा वाटा लहानच. मुख्य चोर चिमणीत आहे, टुंड्रात नाही. पण पाझरणारं धरणही रिकामं होतंच, आणि हा पाझर आपण चिमण्या बंद केल्या तरी लगेच थांबत नाही. एकदा वितळलेली जमीन पुन्हा गोठली तरी गेलेला कार्बन परत येत नाही.

आता मूळ प्रश्न, की हे खातं कुणाच्या नावावर टाकायचं?

सोपं उत्तर आहे, ज्याची जमीन त्याचं. ते मला पटत नाही. अलास्कात न्यूटॉक नावाचं युपिक आदिवासींचं गाव होतं, जेमतेम तीनचारशे वस्तीचं. खालची जमीन वितळली, नदीने काठ खाल्ले. २०१९ पासून गाव थोडं थोडं मर्तार्विक या नव्या जागी हलवलं, २०२४ मध्ये शेवटची माणसं निघाली. त्या माणसांनी असा किती कोळसा जाळला होता? ज्यांची जमीन वितळते त्यांच्या नावावर वितळणीचं बिल टाकणं म्हणजे पूरग्रस्ताला पाणीपट्टी पाठवणं. आणि हा नियम एकदा आला, की लडाखमधल्या आपल्या गोठलेल्या जमिनीचं बिल लेहवाल्यांना येईल.

पण 'हे नैसर्गिक आहे' हे उत्तरही खोटं आहे. ही जमीन हजारो वर्षं गोठलेली होती. ती आता वितळतेय, कारण आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. २० जून २०२० ला सायबेरियात वेर्खोयान्स्कला ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. आपल्याकडच्या मे महिन्याचं. गंजीला लागलेली आग वाऱ्याने शेजारच्या घरावर गेली, तर ते घर 'निसर्गाने' जळलं असं पंचनाम्यात कुणी लिहीत नाही.

त्याच उन्हाळ्यात नोरिल्स्कला डिझेलची मोठी टाकी फुटली, सुमारे २१ हजार टन डिझेल नदीनाल्यांत आणि जमिनीत गेलं. कंपनी म्हणाली, खालचा पर्माफ्रॉस्ट वितळला, आधार खचले. सरकारी तपासात बांधणीतले आणि देखभालीतले दोष निघाले. न्यायालयाने पुढच्या वर्षी १४६ अब्ज रूबलचा दंड लावला. म्हणजे वितळणाऱ्या जमिनीवर उभी टाकी कुणाची हे ठरवता येतं, नुकसान मोजता येतं, वसूलही करता येतं. त्याच जमिनीतून निघणाऱ्या वायूची पाळी आली की मात्र मालक सापडत नाही.

मला विचाराल तर उपाय बँकांना १९९२ मध्ये सांगितला तोच. तरतूद. वितळणारी जमीन कुठल्या देशाची हे बघूच नका. ती सगळ्यांच्या सामायिक शिल्लकीतून आधी वजा करा. आयपीसीसीने ते सुरू केलंय. पण देशांच्या घोषणा अजून जुन्याच वहीवर आहेत. पॅरिस करार म्हणतो, शतकाच्या उत्तरार्धात मानवनिर्मित उत्सर्जन आणि शोषण यांचा तोल साधायचा. सगळ्या देशांच्या वह्यांत उद्या शून्य आलं, तरी वहीबाहेरचा वायू हवेत जातच राहील. हवा मानवनिर्मित आणि नैसर्गिक असा भेद करत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या आर्क्टिक अहवालाने सांगितलं, की वणवे धरले तर टुंड्रा आता कार्बन साठवणारी राहिली नाही, सोडणारी झाली. त्या ठेवीचं व्याज यायचं बंद झालंच, मुद्दलही मोडायला लागलं.

आणि तरतूद करायची तर कुणाच्या हिश्श्यातून? इथे आपलं हित अडकलंय, म्हणून नीट वाचा. दीड अंशाच्या आत राहण्याची निम्मी शक्यता ठेवायची तर २०२० च्या सुरुवातीला ५०० अब्ज टन शिल्लक होते. दरवर्षी ४० जातात. वजाबाकी तुम्हीच करा. या उरलेल्या रकमेतून पर्माफ्रॉस्टचा वाटा गुपचूप सगळ्यांच्या नावे समान कापला गेला, तर मार कुणाला बसतो? ज्याने आपला वाटा अजून उचललाच नाही त्याला. ज्यांनी दीडशे वर्षं उचल केली, त्यांची उचल होऊन गेली. आपल्याकडे अजून कित्येक घरांत चूल आहे, कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात लाइट धड नसते. भारताने ग्लासगोत २०७० चं शून्य जाहीर केलं ते उरलेल्या शिल्लकीच्या भरवशावर. ती शिल्लकच कागदावर फुगलेली असेल, तर 'अजून थोडं कमी करा' हा फोन आधी आपल्याला येणार. म्हणून आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या परिषदांत हा मुद्दा स्वतःहून मांडला पाहिजे: वितळण मोजा, उघड मोजा, आणि जुन्या उचलीच्या प्रमाणात वाटा. आपण गप्प बसलो तर ती मोजली जाईलच, पण वाटणी दुसरे ठरवतील. १९९० मध्ये भाताचं तेच झालं होतं. तेव्हा आपली माणसं पेट्या घेऊन चिखलात उतरली म्हणून वाचलो.

सहकारात आम्ही एक प्रकार फार बघितला. 'नवं-जुनं'. मार्चअखेरीला जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं काढायचं. वहीत थकबाकी शून्य, संस्था अ वर्गात, चेअरमनचा सत्कार. पैसा एक रुपया आलेला नसतो. जगाच्या कार्बनच्या वहीत असं नवं-जुनं चालू आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. ऑडिटरने शेरा मारायचा असतो, दुरुस्ती सभासदांनी करून घ्यायची असते.

परवा त्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आजीचा भात मोजलाय, आणि ते नाही?" मी म्हटलं, "आजीचा भात मोजलाय ते बरोबरच आहे. मोजलंच पाहिजे. पाणी आलटून पालटून सोडलं तर मिथेन कमी होतो, तेही करून बघू. पण ज्याने आपलं मोजून दाखवलंय, त्याला बाकीच्यांना विचारायचा हक्क आहे."

आजी पडवीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "इचारा तर मग. गप कित्याक रवतास?"

म्हणून लिहिलं. पटलं नसेल तर खाली लिहा, आकड्यावर बोलू.